बिऱ्हाडाचे घर व परसातील कोंबड्या

परसात चार-सहा कोंबड्या पाळणे हा शेतकरी व शेतमजूर कुटुंबांचा फार जुना जोडधंदा होय. त्यास भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते आणि घरातील उरलेसुरले धान्य, भाजीची पाने व अंगणातील किडे यांवर कोंबडीचे निम्मेअधिक पोट भरते. मुलांच्या ताटात अंडे पडते, आणि अंडी विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती राहतो. या कारणांनी परसातील कोंबडीपालनाचा प्रसार गावोगाव होत आहे.

मात्र या धंद्याविषयी जी माहिती दिली जाते, तीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे घर व परस ही दोन्ही पाळणाऱ्याच्या मालकीची आहेत. वस्तुस्थिती नेहमीच तशी नसते. बदलीच्या गावी आलेला शिक्षक, मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करून राहिलेला शेतकरी, साखर कारखान्याच्या परिसरात अथवा बाजारपेठेत काम करणारा मजूर अशी अनेक कुटुंबे दुसऱ्याच्या घरात भाडे देऊन राहतात. त्यांच्या कोंबड्या निरोगी असोत, चांगल्या अंडी देणाऱ्या असोत, घरमालकाच्या एका शब्दाने त्यांचा धंदा बंद पडू शकतो. 'आठ दिवसांत कोंबड्या काढा' असे फर्मान निघाले की, पाच महिने खाऊ घालून अंड्यावर आलेल्या तलंगा मटणाच्या भावाने विकाव्या लागतात. पिल्लांची किंमत, खाद्य, लस व कष्ट हे सारे वाया जाते. वाद विकोपास गेला तर घरही सोडावे लागते.

हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. घर घेण्यापूर्वीच कोंबड्यांचा विषय मालकापाशी काढावा, मिळालेली संमती कागदावर उतरवून घ्यावी, आणि कोंबड्यांची सारी व्यवस्था बिऱ्हाडाबरोबर उचलून नेता येईल अशी ठेवावी.

घर पाहताना

घर पाहण्यास जाणारे कुटुंब खोल्या, पाणी व भाडे एवढेच पाहून परत येते. ज्यास कोंबड्या पाळावयाच्या आहेत त्याने मागील दारीही जावे. सहा कोंबड्यांच्या खुराड्यास चार फूट लांब व तीन फूट रुंद एवढी जागा पुरते. पण त्याभोवती कोंबड्यांना हिंडण्यासाठी थोडे मोकळे अंगण असणे इष्ट होय. त्या जागेवर सकाळचे ऊन यावे, दुपारी झाडाची अथवा भिंतीची सावली असावी आणि पावसाचे पाणी साचू नये. ओल हे दुर्गंधी, माशा व रोग या तिन्हींचे मूळ आहे. उन्हाळ्यात पाहिलेले कोरडे अंगण श्रावणात कसे असते, हे शेजाऱ्यांस विचारून घ्यावे.

त्यानंतर भोवताली पाहावे. विहीर, कूपनलिका व पाण्याची टाकी यांपासून खुराडे दूर ठेवता येईल काय? शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूस उघडते काय? लगत कोणाचा भाजीपाल्याचा वाफा आहे काय? मोकाट कुत्री, मांजरे, मुंगूस यांचा वावर कितपत आहे? परस एकट्याचे आहे की वाड्यातील चार बिऱ्हाडांचे सामाईक आहे? सामाईक असल्यास एकट्या मालकाची संमती पुरी पडत नाही. इतर बिऱ्हाडांसही विचारावे लागते. नगरपंचायत अथवा नगरपालिका क्षेत्रात पाळीव पक्ष्यांविषयी काही निर्बंध आहेत काय, याची चौकशी त्या कार्यालयात आगाऊ करावी. मजल्यांच्या इमारतीत, जेथे स्वतःचे अंगण नाही, तेथे हा नाद धरू नये.

मालकाशी बोलणे

काही जण आधी घर घेतात, मग गुपचूप दोन कोंबड्या आणतात आणि मालकाच्या लक्षात येणार नाही अशी आशा बाळगतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. कोंबड्या लपत नाहीत. लपवाछपवी उघड झाली की मालकाचा राग कोंबड्यांवर कमी व फसवणुकीवर अधिक असतो, आणि मग सुधारणेची संधी मिळत नाही. यास्तव भाडे ठरविण्याच्या पहिल्याच बैठकीत हा विषय काढावा.

विषय काढताना 'कोंबड्या पाळल्या तर चालतील काय?' असा मोघम प्रश्न विचारू नये. असा प्रश्न ऐकताच मालकाच्या डोळ्यांपुढे घरभर हिंडणारा पन्नास कोंबड्यांचा थवा उभा राहतो व तो नकार देतो. त्याऐवजी किती कोंबड्या, कोणत्या ठिकाणी, कशा प्रकारच्या खुराड्यात आणि सफाई कोण करणार, हे नेमके सांगावे. पूर्वीच्या गावी कोंबड्या पाळलेल्या असल्यास तेथील मालकाचे नाव सांगावे म्हणजे खात्री पटते.

मालकाच्या हरकती बहुधा चार असतात: वास येईल, पहाटे ओरडतील, भिंती व झाडे खराब होतील आणि रोग पसरेल. या चारही हरकतींना संगोपनाच्या पद्धतीतच उत्तर आहे व ते पुढे दिले आहे. याखेरीज एक कारण श्रद्धेचे असते. ज्या घरी मांसाहार वर्ज्य आहे तेथे अंगणात कोंबडी कापली जाणे मालकास सहन होत नाही. कोंबड्या अंड्यांसाठीच पाळावयाच्या आहेत, घराच्या आवारात कापावयाच्या नाहीत, असे आश्वासन देता येते. तरीही मालकाची इच्छा नसेल तर आग्रह न धरता दुसरे घर पाहावे. नाखुशीने दिलेला होकार फार दिवस टिकत नाही.

मालकाच्या फायद्याची गोष्टही सांगावी. कोंबडीखतात नत्र भरपूर असते. कुजविलेले खत मालकाच्या नारळास, लिंबास अथवा परसबागेस घालण्याचे कबूल केल्यास सौदा दोघांच्या हिताचा होतो.

संमती कागदावर

तोंडी संमती दोन्ही पक्षांच्या आठवणीवर अवलंबून असते. घर विकले गेले, मालक वारला किंवा कारभार मुलाकडे गेला की त्या संमतीस साक्षीदार उरत नाही. म्हणून भाडेकरारातच एक कलम घालावे, किंवा स्वतंत्र कागद करून त्यावर उभयतांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा दिनांक ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ज्या क्षेत्रांना तो लागू आहे तेथे घराचा ताबा परत मागण्याची कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत. त्यांपैकी दोन कारणे कोंबड्या पाळणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावीत: मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम उभारणे, आणि लगतच्या रहिवाशांस उपद्रव किंवा त्रास होईल असे वर्तन करणे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्येही, शेतीच्या कारणाखेरीज, मालकाच्या संमतीशिवाय कायम बांधकाम करण्यास भाडेकरूस मनाई आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. विटा-सिमेंटचे खुराडे बांधू नये. आणि मालकाची संमती हाती असली तरी शेजाऱ्यांस त्रास देण्याचा अधिकार तिने मिळत नाही.

संमतिपत्राचा नमुना पुढीलप्रमाणे असावा:

'मौजे ……… येथील घर क्रमांक ……… च्या मागील अंगणात भाडेकरू श्री./श्रीमती ……… यांनी घरगुती वापरासाठी जास्तीत जास्त सहा कोंबड्या पाळण्यास माझी संमती आहे. नर कोंबडा पाळला जाणार नाही. खुराडे उचलून नेता येण्याजोगे असेल. ते जमिनीत अथवा भिंतीत पक्के केले जाणार नाही, व घर सोडताना भाडेकरू ते घेऊन जातील. विष्ठा रोज काढून खतखड्ड्यात टाकली जाईल. शेजाऱ्यांची तक्रार आल्यास ती दूर करण्यास भाडेकरूस पंधरा दिवसांची मुदत दिली जाईल. ही संमती मागे घ्यावयाची झाल्यास एक महिना आगाऊ लेखी सूचना दिली जाईल. घर सोडतेवेळी भाडेकरू अंगण पूर्ववत करून देतील.'

यातील एक महिन्याच्या सूचनेचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. तेवढ्या अवधीत अंड्यावरील कोंबडीस अंड्यावरील कोंबडी म्हणून गिऱ्हाईक शोधता येते, अथवा कोंबड्या नातलगांकडे पोचविता येतात. घाईने खाटकास विकण्याची वेळ येत नाही.

उचलते खुराडे

बिऱ्हाडकरूचे खुराडे पायांवर उभे असावे. चार फूट लांब, तीन फूट रुंद, पुढून तीन फूट व मागून अडीच फूट उंच अशी लाकडी चौकट करावी व तिचे पाय दीड फूट उंच ठेवावे. छपरास पत्रा घालून त्याचा उतार मालकाच्या भिंतीकडे न ठेवता मोकळ्या बाजूस ठेवावा. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट किंवा गवत पसरावे. बाजूंना अर्धा इंच भोकाची मजबूत जोडजाळी लावावी. मोठ्या भोकाची पातळ कोंबडीजाळी कोंबडीस आत ठेवते. पण मुंगसास व घुशीस बाहेर ठेवू शकत नाही. तळ बांबूच्या पट्ट्यांचा करून पट्ट्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवावी. विष्ठा फटीतून खालच्या पत्र्याच्या तबकात पडते व कोंबड्यांचे पाय कोरडे राहतात. आत बसण्यासाठी एक आडवी दांडी आणि अंडी घालण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीची एक पेटी असावी. दारास कडी व खिटी दोन्ही असाव्यात.

पाय जमिनीत न पुरता सपाट दगडांवर टेकवावेत. सांधे खिळ्यांऐवजी नट-बोल्टने जोडले तर खुराडे सुटे करून बैलगाडीत किंवा टेम्पोत सहज जाते. खुराडे भिंतीपासून दोन हात अंतरावर ठेवावे. भिंतीस ओल व डाग लागत नाहीत आणि मागून झाडता येते.

कोंबड्या मोकळ्या सोडल्यास त्या वाफे उकरतात व शेजारच्या ओट्यावर घाण करतात. जेथे असा धोका आहे तेथे आठ फूट लांब, चार फूट रुंद, बिनतळाचा जाळीचा पिंजरा करून तो रोज थोडा पुढे सरकवावा. कोंबड्यांना रोज नवी जमीन उकरावयास मिळते व एकाच ठिकाणी खड्डे पडत नाहीत.

किती व कोणत्या कोंबड्या

बिऱ्हाडकरूने चार ते सहा माद्यांवर जाऊ नये. अंड्यांसाठी नराची गरज नसते. नर नसला तरी कोंबडी तेवढीच अंडी देते, आणि ती अंडी निर्जीव असल्याने अधिक टिकतात. पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांशी जे तंटे होतात ते नर न पाळल्याने मुळातच टळतात. मादी अंडे घातल्यावर कलकलाट करते, पण तो दिवसा व थोडा वेळ असतो. पिल्ले हवीच असल्यास नर असलेल्या घरून फळलेली अंडी आणून खुडूक गावठी कोंबडीखाली दहा-बारा बसवावीत. एकवीस दिवसांत पिल्ले निघतात.

गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण ५० ते ७० अंडी देते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज, तसेच हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज व ग्रामप्रिया या सुधारित जातींपासून, जातीनुसार व निगेनुसार, वर्षाला साधारण १०० ते १६० अंडी मिळू शकतात. सरासरी १२० धरली तरी सहा कोंबड्यांपासून वर्षात ७२० म्हणजे आठवड्यास सुमारे चौदा अंडी होतात. ही अंडी वर्षभर सारखी येत नाहीत. कडक उन्हाळ्यात व पिसे झडण्याच्या काळात ती कमी होतात, हे आधीच ध्यानात घ्यावे. अंड्यांपुरताच विचार असल्यास हलक्या अंगाची ग्रामप्रिया सोयीची पडते.

बिऱ्हाडकरूने आणखी एक हिशेब करावयास हवा. घराचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. एक दिवसाचे पिल्लू आणल्यास पहिले अंडे मिळण्यास साडेपाच ते सहा महिने लागतात. म्हणजे कराराचा निम्मा काळ नुसत्या संगोपनात जातो. याउलट, लस टोचलेल्या तीन-चार महिन्यांच्या तलंगा विकत घेतल्या तर दोन-अडीच महिन्यांत अंडी सुरू होतात. तलंगेस किंमत अधिक पडते. परंतु लहान पिल्लांची मर व उबेचा खर्च वाचतो, आणि करार संपण्यापूर्वी आठ-नऊ महिने अंडी हाती येतात. ज्याचे राहणे निश्चित नाही त्याने तलंगाच घ्याव्यात.

वास व माशा यांचा बंदोबस्त

एक कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. सहा कोंबड्यांची अर्ध्या किलोहून अधिक होते. ती रोज उचलली तर वास येत नाही. चार दिवस ओली राहिली की वास सुटतो व माशा होतात. तबकात राखेचा अथवा भाताच्या तुसाचा थर द्यावा आणि दररोज सकाळी तबक रिकामे करावे. अंगणाच्या कोपऱ्यात, मालकास विचारून, तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा करावा. प्रत्येक वेळी विष्ठेवर पालापाचोळा व माती टाकावी. सुमारे तीन महिन्यांत खत कुजून तयार होते. ताजी विष्ठा झाडाच्या बुडाशी घालू नये. तिच्या तीव्रतेने मुळे करपतात.

पाण्याचे भांडे जड व पसरट असावे म्हणजे ते कलंडून चिखल होत नाही. खाद्य संध्याकाळपर्यंत संपेल एवढेच घालावे. रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर व घुशी येतात, आणि त्यांच्या मागोमाग साप येतात.

रोगापासून रक्षण

मानमोडी अर्थात राणीखेत हा कोंबड्यांचा सर्वांत घातक रोग होय. उत्तर प्रदेशातून पुढे वेगळ्या झालेल्या आजच्या उत्तराखंडातील राणीखेत येथे भारतात तो १९२७ मध्ये प्रथम नोंदला गेला, त्यावरून हे नाव पडले. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास घेणे, मान वाकडी होणे व भराभर मरतूक ही त्याची लक्षणे आहेत. त्यावर औषध नाही. लस हाच उपाय आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिची पुन्हा मात्रा आणि आठ ते दहा आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस, असा क्रम सर्वसाधारणपणे ठेवतात. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे.

येथे एक अडचण येते. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की थोड्या तासांत वापरून संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? यास्तव आळीतील सर्व कोंबड्या पाळणाऱ्यांनी एक दिवस ठरवून एकत्र लस टोचून घ्यावी. त्यात भाडेकरू व मालक असा भेद राहत नाही.

बर्ड फ्लूचीही जाणीव ठेवावी. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला व २०२१ मध्ये तेथे पुन्हा आला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास त्या उघड्यावर फेकू नयेत, विकू नयेत, कापू नयेत व लपवूही नयेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावे आणि मालक व शेजाऱ्यांसही सांगावे. संकटाच्या वेळी खरे सांगणाऱ्यावर पुढे विश्वास बसतो.

घर सोडताना

बिऱ्हाड हलविण्याच्या आदल्या रात्री, अंधार पडल्यावर, कोंबड्या शांत असताना धराव्यात व हवा खेळेल अशा डालग्यात ठेवाव्यात. उन्हाळ्यात प्रवास रात्री अथवा भल्या पहाटे करावा. नव्या घरी पहिले तीन-चार दिवस त्यांना खुराड्यातच कोंडून दाणा-पाणी द्यावे, म्हणजे तेच घर त्या ओळखू लागतात व संध्याकाळी परत येतात. जागा बदलल्याने काही दिवस अंडी कमी होतात. त्याची चिंता करू नये.

सोडलेल्या अंगणातील उकरलेले खड्डे बुजवावेत, खतखड्डा मातीने भरून सपाट करावा, खुराड्याखालील जागा झाडून तेथे चुना टाकावा, आणि मालकास अंगण दाखवूनच किल्ली द्यावी. स्वच्छ अंगण परत मिळालेला मालक पुढच्या बिऱ्हाडकरूसही नकार देत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

शासकीय योजनेतून पिल्लांचे अथवा तलंगांचे वाटप करताना कार्यकर्त्यांनी प्रथम 'घर कोणाचे?' हा प्रश्न विचारावा. घर भाड्याचे असल्यास लेखी संमती पाहून मगच पक्षी द्यावेत. ती नसल्यास मालक व भाडेकरू यांस एकत्र बसवून ती मिळवून देण्यास साहाय्य करावे. गावात एखादे उचलते खुराडे नमुन्यादाखल करून चावडीजवळ किंवा शाळेजवळ ठेवल्यास मालकांच्या बऱ्याच शंका ते पाहूनच फिटतात. लसीकरणाचा दिवस ठरवून तो दवंडीने अथवा फलकाने जाहीर करावा, आणि बिऱ्हाडकरूंच्या घरी तो निरोप आवर्जून पोचवावा, कारण गावात नव्या आलेल्या कुटुंबास अशा बातम्या सर्वांत शेवटी कळतात.

सारांश, आधी संमती, मग खुराडे आणि शेवटी कोंबड्या हा क्रम बिऱ्हाडकरूने मोडू नये. माद्या सहाच्या आत, नर नाही, खुराडे उचलते, सफाई रोजची आणि लस वेळच्या वेळी, एवढे पाळल्यास भाड्याच्या घरीही मुलांस अंडी मिळतील, घरच्या स्त्रीच्या हाती चार पैसे राहतील, आणि मालकाशी संबंधही गोडीचे राहतील.